श्वास मोजायची पेटी

माझं काम बघत बसायचं होतं. पेटीत एक साळुंकी ठेवलेली असे, पेटीच्या झाकणाला तळहाताएवढी काच होती, आणि त्या काचेतून मी तिच्याकडे बघत असायचे. तिच्या जिवाला काही होत नाही ना, एवढं बघायचं. चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणूनही जिची छाती धडधडते, त्या बाईला हे काम मिळालं.

तालुक्याला दिवाळी अंक काढणाऱ्या मुलांनी निरोप पाठवला होता, की तुमच्या त्या पाखरांच्या कामाबद्दल लिहून द्या. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आपलं नाव छापलेलं लोकांनी वाचावं, ह्या विचारानेच मी पदर तोंडावर ओढते. म्हणून हे माझ्यापुरतं लिहिते आहे. पण ज्याला ह्यातलं काहीच ठाऊक नाही असं कोणी समोर बसलं आहे, असं धरून लिहिते. म्हणजे सांगायचं काही सुटत नाही.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादच्या मोठ्या रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. गावाच्या कडेला सरकीचं गोदाम होतं. कापसाचा धंदा बसला तसं ते रिकामं पडलं, आणि एका उन्हाळ्यात पुण्याहून एक मॅडम आल्या, त्यांनी ते भाड्याने घेतलं. मी तिथे झाडलोट करायला लागले. गावातल्या आणखी दोघी होत्या, माझ्यापेक्षा चटपटीत. पण त्या बोलत, हसत, पिंजऱ्याजवळून झपाट्याने जात. पाखरं दचकत. दचकलेल्या पाखराचा श्वास वाढतो आणि मोजमाप चुकतं. मॅडमनी आठवडाभर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "कुसुमताई, पेटीजवळ तुम्हीच बसा. तुम्ही नुसत्या बसलात तरी पक्षी शांत होतात." माझं न बोलणं कोणाच्या उपयोगी पडलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. पाखरं माझ्यामुळे शांत होत होती. मी कोणामुळे शांत होणार, हे कोणी विचारलं नाही.

आता काम काय होतं ते सांगते. साळुंकी आपल्याकडे वळचणीला, गोठ्यात, कुठेही दिसते. तिचं आपल्याला कौतुक नाही. पण फार पूर्वी परदेशातल्या लोकांनी पिकावरची कीड खायला म्हणून साळुंक्या जहाजातून नेल्या आणि तिकडे सोडल्या. त्या तिथे इतक्या माजल्या, की तिथल्या पाखरांना झाडाच्या ढोलीत जागा उरली नाही. आता ते लोक त्यांना पिंजरे लावून धरतात. मॅडमना शोधायचं होतं, की अजून कोणकोणत्या मुलखात त्या पसरतील. कडक थंडीच्या? कोरड्या, भाजणाऱ्या? त्यासाठी आधी हे कळायला हवं, की साळुंकी आपल्या माहेरी, आमच्या ह्या उन्हात आणि आमच्या ह्या थंडीत, जगायला किती खर्च करते.

खर्च कसला, ते मॅडमनी मला चुलीवरून समजावलं. पाखराच्या अंगात एक चूल आहे. थंडी पडली की अंग गरम ठेवायला चूल जास्त पेटवावी लागते. हवा बेताची असली की चूल मंद. आणि ऊन फार वाढलं की पुन्हा खर्च वाढतो, कारण धापा टाकून अंग थंड करायलाही ताकद लागते. कागदावर त्याची रेघ काढली की ती कढईसारखी दिसते. दोन्ही कडा वर, मध्ये सपाट. त्या सपाट जागेला मी मनात 'सुखाची जागा' म्हणायचे. चूल किती पेटली आहे हे पोटात शिरून कसं बघणार? म्हणून श्वास मोजायचा. पेटीत बाहेरची हवा एका नळीने ओढली जाई, दुसऱ्या नळीने बाहेर पडे. बाहेर पडणाऱ्या हवेत प्राणवायू किती कमी झाला ते यंत्र सांगे. आणि ते सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं की दूरच्या कुठल्याही मुलखाचं ऊन, वारा, पाऊस घालून विचारता येई, की इथे ही साळुंकी जगेल का, तिला रोज किती दाणा लागेल. त्याला मॅडम मॉडेल म्हणत. माझ्या डोळ्यापुढे आधी मातीचा बैल आला होता.

पेटीतली गरमी मॅडम हळूहळू वाढवत. पाखरू आधी पिसं अंगाशी चापून बसवतं. मग पंख अंगापासून जरा दूर धरतं, बाया उकाड्यात हात लांब धरून बसतात तसं. मग चोच उघडते, गळा थडथडतो. इथपर्यंत ठीक. पुढे ते उठबस करायला लागतं, आणि त्यानंतर एकदम खाली बसतं, मान डोलते. त्याच्या आधी थांबवायचं. काचेशी बसलेल्या माणसाने "बस" म्हटलं, की यंत्राचा आकडा काहीही असो, पेटी उघडायची. हा मॅडमचा नियम होता.

माझ्या तोंडून "बस" निघायचंच नाही. गळ्यापर्यंत येई आणि तिथेच अडके. शेवटी मॅडमनी मला एक स्टीलची वाटी आणि चमचा दिला. बोलू नका, वाजवा. सुरुवातीला मी चोच उघडली की वाजवायचे. मोजमाप अर्धवट राही. मी तोंड लपवून माफी मागायचे. मॅडम म्हणायच्या, "लवकर वाजली तर आपला दिवस जातो. उशिरा वाजली तर पक्षी जातो. तुम्ही लवकर वाजवा." असं म्हणणारं माणूस मला घरीदारी कधी भेटलं नव्हतं. गरमीने माझ्या हातून एकही पाखरू गेलं नाही, हे आज लिहिताना बरं वाटतं. पण रोज सकाळी गोदामाचं दार उघडताना वाटायचं, की ते आज जाणार आहे.

गावात बोलवा झालीच. मॅडम पाखरांचा जीव काढून बाटलीत भरते आणि फॉरेनला विकते, म्हणे. एक दिवस पार्बताआजी काठी टेकत आली. तिला दमा होता. पेटीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "मले बसव ना वं ह्याच्यात."

"आजी, हे पाखराचं आहे," मी म्हटलं.

"मी का हत्ती आहो? डाक्टर त सांगत नाही. तुही मशीन तरी सांगन, किती श्वास उरले माहे."

मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि हे यंत्र उरलेले श्वास सांगत नाही, चाललेले सांगतं, असं समजावलं. आजी चहा फुंकत म्हणाली, "चाललेले त मलेच ऐकू येऊन राह्यले. त्याच्यासाठी एवढं मोठं गोदाम कायले पाहिजे?" मॅडम हसून हसून खाली बसल्या. मीही हसले असेन. पण त्या रात्रीच्या झोपेत मला पेटीच्या काचेपलीकडे आजी दिसली, आणि माझ्या हातात वाटी नव्हती.

पिंजऱ्याखाली घालायला जुन्या पेपरांचे गठ्ठे येत. माझी चौथी झालेली. पेपर आधी वाचायचा, मग घालायचा, अशी मला सवय लागली. वाचन माझं तिथेच वाढलं. पण त्या वर्षी पोळा झाल्यानंतर पेपरात एक बातमी पुन्हा पुन्हा येऊ लागली. कपाशीवर फवारणी करणारे मजूर शेतातच पडतात. ह्या गावचा एक, त्या गावचा एक. कोणाचे डोळे गेले, कोणी दवाखान्यातून परत आलं नाही. तो कागद मी उलटा करून पिंजऱ्याखाली घालायचे, अक्षरं खाली, म्हणजे झाडताना पुन्हा दिसायला नको. त्याने काय होणार होतं?

कारण आमचे हे फवारणीच्या मजुरीला जात होते. आम्हाला वावर नाही. दुसऱ्याच्या वावरात जे काम निघेल ते करायचं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्याला लागली होती, आणि अळी काही केल्या मरत नव्हती. म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. मोटारीचे नवे पंप आले होते, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. उंच झाडावर मारायचा तर हात वर करावा लागे, आणि ते धुकं तोंडावरच उतरे. तोंडाला काय, तर माझीच जुनी ओढणी.

मी म्हणायचे, "नका जाऊ न."

ते म्हणायचे, "तुह्या पाखरायले थंडी-गरमी मोजून देतेत. आमाले कोण मोजते? मशीनीत बसतो मी, सांग तुह्या मॅडमले."

"चेष्टा नका करू."

"बरं, दुसरं काम दे मंग. साळुंक्यायचा सुपरवायझर होतो."

हसले की त्यांचा एक दात पुढे येई. ते असे हसले की मला पुढचं बोलता येत नसे. त्यांचं नाव मी अजून लिहिलं नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात आग्रह झाला तेव्हाही मी पदरात तोंड घालून पुटपुटले होते, ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानंतर "अहो", नाहीतर "ऐकलं का".

त्या दिवशी सकाळी निघताना ते म्हणाले, "आज तुह्या गोदामाच्या मांगच्या वावरात आहो. जवळच आहो." मला जरा बरं वाटलं. जवळ आहेत म्हटल्यावर भीती कमी होते. का होते, कोण जाणे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पेटीत जाणारी हवा खोलीतली चालत नसे, कारण खोलीत आमचे श्वास मिसळलेले. म्हणून हवा ओढणारी नळी मागच्या खिडकीतून बाहेर सोडलेली होती. ती बसवली तेव्हा उन्हाळा होता. मागे नुसतं नांगरलेलं वावर, मोकळा वारा. मॅडम म्हणाल्या होत्या, ह्याच्याहून स्वच्छ हवा कुठे मिळणार? तेव्हा ते खरंच होतं. पुढे पाऊस पडला, कपाशी उगवली, वाढली, खिडकीच्या चौकटीला लागली. नळी तिथेच राहिली. माझ्या मनात आलं नाही, मॅडमच्याही नाही.

त्या दिवशी पेटीत वाकडबोटी होती. एका पायाचं बोट वाकडं होतं म्हणून मी तिला तसं म्हणायचे. ती माझ्या हातावर बसून खायची. त्या दिवशी गरमी नव्हती, थंडी नव्हती. मोजमाप सुखाच्या जागेचं होतं, जिथे चूल सगळ्यात मंद असते. असल्या दिवशी मला वाटी हातात धरायचीही गरज नसे. पाखरू डोळे मिटून बसतं. मी काचेजवळ बसले होते आणि मागून पंपांची घरघर ऐकू येत होती.

मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ही रेघ का वर चालली आहे?"

मी काचेतून पाहिलं. वाकडबोटी थरथरत होती. चोच उघडी होती, पण धाप नव्हती. चोचीच्या कडेने लाळ गळत होती. उन्हाने कासावीस झालेलं पाखरू मी रोज पाहत होते. हे तसं नव्हतं. तिचं डोकं मागे मागे जात होतं. मी वाटी वाजवली. एकदा वाजवायची असते, मी वाजवतच राहिले.

मॅडमनी पेटी उघडली, तिला हातात घेतलं, तिच्या चोचीला नाक लावलं. मग त्या पेटीशी वाकल्या आणि मागे सरल्या. "पेटीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आत येणारी हवाच..." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. नळीचं तोंड कपाशीत होतं आणि कपाशीवर पांढरं धुकं उभं होतं.

त्या पुढे काही बोलल्या असतील. मला फक्त पंपांची घरघर ऐकू येत होती. एवढ्याशा नळीतून आली ती हवा पाखराला अशी पाडते, तर त्या धुक्याच्या आत सकाळपासून उभा आहे त्याचं काय?

मी वाटी-चमचा हातात घेऊनच धावले. बांधावर पोचले. पुढे कपाशी, खांद्याइतकी, आणि तिच्यावर फक्त डोकी दिसत होती. सगळ्यांना फडकी बांधलेली, सगळी सारखी. त्यातलं माझं कोणतं? मी वाटी वाजवली, जोरजोरात. कोणी मान वळवली नाही. शेजारच्या वावरात ज्वारी दाण्यावर आली होती, दिवसभर कोणी ना कोणी ताट-डबे वाजवून पाखरं हाकत असे. त्यांना वाटलं, कोणी बाई पाखरंच हाकते आहे.

मी "अहो" म्हणून ओरडले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. पुन्हा ओरडले. तिथले सगळेच कोणाचे ना कोणाचे अहो होते. मॅडम मागून ओरडत होत्या, "आत जाऊ नका! कुसुमताई, आत जाऊ नका!" धुकं बांधाकडे सरकत होतं. माझ्या गळ्यात ते नाव आलं आणि नेहमीसारखं अडकलं. मग सुटलं.

"सुखदेव! सुखदेव!"

एक पंप बंद झाला. मग दुसरा. मग सगळे. वावर एकदम शांत झालं. बाईने नवऱ्याचं नाव घेऊन रानात हाक मारली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असंच सगळ्यांना वाटलं. माणसं कपाशीतून वाट काढत माझ्याकडे येऊ लागली. सगळ्यात पुढे हे. तोंडावरची ओढणी ओली झालेली.

"कोण गेलं वं?" त्यांनी विचारलं. "माय?"

"कोणी नाही गेलं."

"मंग?"

मी म्हटलं, "साळुंकी पडली."

मग एक जण फस्सकन हसला. "सुखदेव, अबे साळुंकीसाठी नाव घेतलं तुहं! मेला असतास त गाणं म्हटलं असतं का?" सगळे हसले. ज्यांचं वावर होतं ते भाऊजी निंबाच्या सावलीतून आले, म्हणाले, "काय तमाशा लावला बाई? कपाशीचे दोन तासं राह्यले, त्या दोन ओळी होऊ द्या." मी मान खाली घातली. सगळ्यांदेखत नाव घेतलं होतं, आणि कारण काय, तर पाखरू. जमीन फाटावी असं वाटलं.

हे हसले नाहीत. पाठीवरचा पंप उतरवायला त्यांनी पट्ट्याला हात घातला. बोटं पट्ट्यावरून नुसती फिरत राहिली, बकल सापडेना. मग त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आभाळ आलं का वं? अंधारून राह्यलं."

ऊन कडक होतं. आमच्या सगळ्यांच्या सावल्या पायाशी पडलेल्या.

हसणं थांबलं. मॅडम तोवर पोचल्या होत्या. त्यांनी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे केला आणि डोळ्यांत पाहिलं. मीही पाहिलं. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. मॅडम बाकीच्यांना म्हणाल्या, "सगळे बाहेर. कपडे काढा, अंग धुवा, साबणाने. कोणी आत जायचं नाही." त्यांचा आवाज असा होता की भाऊजीही काही बोलले नाहीत. आम्ही ह्यांना गोदामाच्या हौदावर धुतलं, मॅडमच्या जीपमध्ये घातलं. रस्त्यात ते ओकले, मग घामाने निथळले, मग मला ओळखेनासे झाले.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्ड भरलेला होता. सगळे आमच्यासारखेच. पेपर उलटा घालून मी ज्यांना झाकलं होतं, ते सगळे इथे निजलेले होते. औषधाच्या सुयांनी माणूस भ्रमात जातो, उठून पळतो, म्हणून हात पलंगाला फडक्याने बांधत. ह्यांचेही बांधले. मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले आणि माझं काम करू लागले. छाती वर येते आहे का. खाली जाते आहे का. तोंडाला लाळ आहे का. शेजारच्या पलंगावरचा माणूस एका सकाळी तिथे नव्हता, आणि त्याची बायको त्याची चप्पल शोधत होती. त्यानंतर मी डोळे मिटायचंच सोडलं.

हे वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. वावरातल्या आणखी एकाला त्याच संध्याकाळी आणलं, तोही वाचला. ज्याने चेष्टा केली होती तोच. नंतर तो मला रस्त्यात भेटला की मान खाली घालून जाई आणि मीही मान खाली घालून जाई, आमचं बोलणं कधी झालं नाही.

वाकडबोटी त्याच दिवशी गेली. मी नसताना मॅडमनी तिला निंबाखाली पुरलं.

पुढे मी कामावर परत गेले. नळी पुढच्या बाजूला, रस्त्याकडे वळवलेली होती. मॅडम कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या आणि त्या दिवशीची रेघ पडद्यावर होती. सपाट, सपाट, आणि मग एकदम वर. त्या म्हणाल्या, ही हिशेबात धरता येणार नाही. ती थंडीची नव्हती, उन्हाची नव्हती. मॉडेलमध्ये ऊन आहे, वारा आहे, पाऊस आहे, ह्याला घर नाही.

मी विचारलं, "मग ही कुठे जाते?"

माझ्या तोंडून मॅडमना प्रश्न जायची ती पहिली वेळ असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठेच नाही, कुसुमताई," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी ती पुसली. मला त्यांचा राग आला नाही. पण त्या रेघेने माझा माणूस बाहेर काढला होता, आणि ती आता कुठेच नव्हती, ह्याची भीती वाटली. अजून वाटते. कीड खायला साळुंक्या जहाजाने नेणारे लोक, आणि कीड मारायला धुक्यात उभी राहणारी आमची माणसं, ह्यांचा हिशेब कोण कुठे धरत असेल, मला कळत नाही.

मोजमाप संपलं, मॅडम पुण्याला गेल्या, पिंजरे उघडले. पाखरं काही दिवस गोदामाच्या छपरावर येऊन बसत, मग येईनाशी झाली. गोदामाला कुलूप आहे. वाटी-चमचा मॅडमनी मला देऊन टाकला. वाटीच्या काठाला टोल बसून बसून खळगे पडले आहेत.

हे आता फवारणीला जात नाहीत. हातांना कंप राहिला आहे, उन्हात डोळ्यांना पाणी येतं. बकऱ्या राखतात. दुपारी जेवून ओसरीत आडवे होतात, आणि मी तांदूळ निवडायला घेऊन दाराशी बसते, जिथून त्यांची छाती दिसते. बहुतेक वेळा दिसतं सगळं. पण कधी कधी सदरा ढगळ असतो, नाहीतर माझीच नजर चुकते, आणि ती हलते की नाही ते कळत नाही. मग मी थांबत नाही. शेजारीपाजारी ऐकतात, आता घरात आलेली सून हसते, तरी हाक मारते.

"सुखदेव."

ते डोळे उघडत नाहीत. "आहो ना वं," म्हणतात. "वाटी नको वाजवू."